घड्याळ कोणाचं, ते आधी विचारा: वेब ॲप्लिकेशन बनवणाऱ्यांना खुलं पत्र

जबलपूर

वेब ॲप्लिकेशन बनवणाऱ्या सर्व मंडळींना,


पत्र लिहिण्यास कारण, तुमच्या घड्याळांनी मला जेरीस आणलं आहे.

मी गाणं शिकवते. पूर्वी राइट टाउनपासून गढ्यापर्यंतच्या मुली संध्याकाळी घरी येत. आता निम्मा वर्ग पडद्यावर भरतो आणि त्यातली मुलं न्यू जर्सीत, लंडनमध्ये, मेलबर्नमध्ये बसलेली असतात. घरं सगळी मराठी. मुलाला भूप आणि दोन अभंग तरी यावेत म्हणून आयांची धडपड असते आणि त्या धडपडीला मी जबलपुरातून हातभार लावते. वर्गाचं वेळापत्रक, आठवणीचे निरोप, फीच्या पावत्या हे सारं एका संकेतस्थळावर चालतं. त्याचं नाव इथे घेत नाही. आधी वापरलेली संकेतस्थळंही याच माळेतली होती, त्यामुळे हे पत्र तुम्हा सर्वांना. माझा भाचा पुण्यात तुमच्याच धंद्यात आहे. तांत्रिक गोष्टी त्याच्याकडून खोदून खोदून काढून घेतल्या. मतं मात्र माझी.

पहिली तक्रार सर्वांत मोठी, म्हणून तिलाच जास्त जागा देते.

शनिवारी संध्याकाळी साडेसातला माझा एक वर्ग असतो. न्यू जर्सीत तेव्हा उन्हाळ्यात सकाळचे दहा वाजलेले असतात. नोव्हेंबरात तिकडची घड्याळं तासभर मागे जातात, की त्याच वेळी तिथे नऊ वाजतात. मी जागची हललेले नसते, माझा तंबोरा हललेला नसतो, तरी तिकडच्या आईला वाटतं की बाईंनी वर्ग तासभर अलीकडे ओढला. एवढं समजण्यासारखं आहे. त्याचा दोष तुम्हाला देत नाही. पण एका नोव्हेंबरात संकेतस्थळानं त्या मुलीला नेहमीसारखाच ‘सकाळी १०’ असा निरोप पाठवला. मी तिकडच्या नवाला बसले, ती दहाला आली. माझ्या घड्याळात तोवर रात्रीचे साडेआठ वाजलेले, पुढची बॅच दारात.

भाच्यानं उलगडा केला तो असा. मुलीनं जूनमध्ये नाव नोंदवलं. त्या दिवशी न्यू जर्सी यूटीसीच्या चार तास मागे होती. तुमच्या कोणीतरी खात्यात ‘उणे चार’ लिहून ठेवलं आणि हीच तिची जागा असं धरलं. पण उणे चार ही त्या दिवशीची स्थिती होती. तिथला नियम असा की मार्चच्या दुसऱ्या रविवारपासून नोव्हेंबरच्या पहिल्या रविवारपर्यंत उणे चार, एरवी उणे पाच. हा नियम ‘अमेरिका/न्यूयॉर्क’ या झोनच्या नावाबरोबर येतो, आकड्याबरोबर येत नाही. ब्राउझर ते नाव तुम्हाला मागताक्षणी देतो. मग आकडाच का घेता?

त्यात प्रत्येक देशाचा रविवार निराळा. २०२५ मध्ये अमेरिकेनं ९ मार्चला घड्याळं पुढे केली, ब्रिटननं ३० मार्चला पुढे केली आणि मेलबर्ननं ६ एप्रिलला मागे घेतली. चार आठवड्यांत तीन बदल, त्यातला एक उलट्या दिशेचा. मेलबर्नचा वर्ग मी दुपारी दीडला घेते, तो तिथे मार्चमध्ये संध्याकाळी सातला होता आणि एप्रिलमध्ये सहाला. त्या महिन्यात माझ्या वहीत पेन्सिलीनं लिहिलेलं कोष्टक असतं आणि मी तुमच्या पडद्यापेक्षा त्या कोष्टकावर विश्वास ठेवते. ज्या कामासाठी तुम्हाला दरमहा पैसे देते, ते काम पेन्सिल करते, हे तुमच्या कानावर घालायलाच हवं.

आणि याहून मूळचा प्रश्न तुम्ही कधी विचारतच नाही: वर्ग कोणाच्या घड्याळावर ठरला? माझा साडेसात अढळ आहे, कारण भारतात घड्याळं हलत नाहीत. पण न्यू जर्सीतल्या एका मंडळानं मुलांसाठी शिबिर ठेवलं, तेव्हा ते त्यांच्या सकाळी दहाला बांधलेलं होतं. तिथे नोव्हेंबरात हलायचं ते मी, साडेसातवरून साडेआठवर. दोन्ही रीती रास्त आहेत. संकेतस्थळाला यातली कोणती ते सांगायची सोयच नाही. एक चौकोन आणि एक ओळ पुरे: ‘ही वेळ कोणत्या गावची?’

आता तुम्ही म्हणाल, बाई, आम्ही सगळं यूटीसीत साठवतो, मग अडचण कुठे? हे उत्तर मी इतक्यांदा ऐकलं आहे की त्यावर थोडं सविस्तर बोलते. आणि ते बोलायला जबलपूरइतकं योग्य गाव नाही.

मार्च १८७० मध्ये मुंबईकडून आलेली जीआयपी रेल्वे आणि अलाहाबादकडून आलेली ईस्ट इंडियन रेल्वे इथे, आमच्या गावात जोडल्या गेल्या. मुंबई ते कलकत्ता असा लोहमार्ग पुरा झाला. व्हाइसरॉय लॉर्ड मेयो समारंभाला आले होते. त्या काळी मुंबईचं घड्याळ ग्रिनिचच्या ४ तास ५१ मिनिटं पुढे होतं आणि कलकत्त्याचं ५ तास ५३ मिनिटं. म्हणजे एका मार्गाच्या दोन टोकांत एक तास दोन मिनिटांचं अंतर, आणि मधल्या प्रत्येक गावाचा सूर्य स्वतंत्र. रेल्वेनं मग दोघांच्या मधली मद्रासची वेळ धरली, ५ तास २१ मिनिटांची. तिथल्या वेधशाळेतून तारेनं वेळेचा इशारा जात असे. जबलपूरचं रेखांश मद्रासच्या अगदी जवळ, त्यामुळे आमची सूर्याची वेळ आणि रेल्वेची वेळ यांत जेमतेम मिनिटाचा फरक होता. मुंबईकराला मात्र घरच्या घड्याळापेक्षा अर्धा तास पुढे असलेलं स्टेशनचं घड्याळ सांभाळावं लागे.

मद्रास टाइम म्हणजे त्या काळचं तुमचं यूटीसी. गाड्या एकमेकींवर आदळू नयेत म्हणून आतल्या कारभाराला एकच वेळ, हे उत्तमच. पण त्यानं गावांची घड्याळं नाहीशी झाली नाहीत. १ जानेवारी १९०६ ला साडेपाच तासांची भारतीय प्रमाणवेळ आली, तरी कलकत्त्यानं आपली वेळ १९४८ पर्यंत धरून ठेवली. मुंबई महापालिकेनं तर कित्येक वर्षं प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटं मागचं घड्याळ चालवलं. त्या वर्षांत मुंबईत कोणी ‘सहाला भेटू’ म्हटलं की पुढचा प्रश्न ठरलेला: स्टँडर्ड की बॉम्बे? जुन्या पंचांगांत आणि लग्नपत्रिकांत वेळेपुढे ‘स्टँ. टा.’ अशी अक्षरं दिसतात, ती त्यासाठीच. मुहूर्त चुकला तर जबाबदार कोण, याची चिंता असलेल्या माणसांनी ती छापली.

तुम्ही या इतिहासातला रेल्वेचा अर्धा भाग घेतला आणि लग्नपत्रिकेचा अर्धा सोडून दिलात. आत यूटीसी ठेवता, बाहेर आकडा छापता, आणि तो कुठला ते लिहीत नाही. ‘तुमचा वर्ग ७.३० वाजता.’ कुठल्या गावी? छापणारच असाल तर ‘आयएसटी’ एवढंच नका छापू. ही तीन अक्षरं भारताइतकीच इस्रायलची आहेत आणि उन्हाळ्यात आयर्लंडचीही. इस्रायलमध्ये बेने इस्रायली मराठी घरं आहेत, तेव्हा हा घोटाळा माझ्यासारखीला केवळ कल्पनेतला नाही. ‘भारतीय वेळ’ किंवा ‘जबलपूरची वेळ’ असं सरळ लिहा. जागा तेवढीच लागते.

यूटीसीनं सगळं भागतं हा समज एका बाबतीत तर साफ खोटा आहे: पुढच्या काळातल्या ठरलेल्या भेटी. फीची पावती कोणत्या क्षणी निघाली हे यूटीसीत लिहा, हरकत नाही, तो क्षण होऊन गेला. पण पुढल्या वर्षीची बैठक आजच्या नियमानं यूटीसीत बदलून ठेवलीत आणि मधल्या काळात त्या देशानं नियमच बदलला, तर? मेक्सिकोनं २०२२ मध्ये उन्हाळी वेळ बहुतेक देशातून काढून टाकली. इजिप्तनं २०२३ मध्ये परत आणली. लेबनॉननं त्याच वर्षी मार्चमध्ये ऐनवेळी बदल पुढे ढकलला, चर्चनं ऐकलं नाही, काही दिवस देशात दोन वेळा चालल्या आणि मग निर्णय फिरवला. सामोआनं तर २०११ चा ३० डिसेंबर हा अख्खा दिवसच वगळला. आपल्याकडे असं होणार नाही म्हणता? आसामच्या चहामळ्यांत तासभर पुढचं ‘चायबागान टाइम’ आजही पाळतात, आणि दिल्लीच्या राष्ट्रीय भौतिक प्रयोगशाळेतल्या शास्त्रज्ञांनी २०१८ मध्ये देशाला दोन वेळा असाव्यात असा प्रस्ताव मांडला होता. तो उद्या अंमलात आला तर ज्यांनी ‘साडेपाच’ हा आकडा प्रोग्राममध्ये ठोकून बसवला आहे, त्यांनी आताच सुट्ट्या रद्द करून ठेवाव्यात. भेट साठवताना स्थानिक वेळ आणि गावाचं नाव साठवा. यूटीसी त्यावरून काढा, हवं तेव्हा, ताज्या नियमानं.

भाचा सांगतो, पोस्टग्रेसमध्ये ‘टाइमस्टॅम्प विथ टाइम झोन’ नावाचा रकाना आहे आणि तो टाइम झोन साठवतच नाही. यूटीसीत बदलतो आणि झोन विसरून जातो. हे ऐकून मी थोडा वेळ गप्प बसले. ज्यांच्या रोजच्या हत्यारांची नावंच अशी, त्यांच्यावरचा राग थोडा कमी झाला.

दुसरी तक्रार तारखांची. ही छोटी दिसते, त्रास मोठा देते. एका परीक्षेच्या अर्जात मुलीची जन्मतारीख १५ ऑगस्ट भरली आणि प्रवेशपत्रावर १४ छापून आली. तुमच्या लोकांना हे दुखणं पाठ आहे म्हणे. कॅलेंडरमध्ये १५ वर बोट ठेवलं की प्रोग्राम तिला ‘भारतातली १५ तारखेची मध्यरात्र’ समजतो, यूटीसीत नेतो, तिथे ती १४ तारखेचे १८.३० होते, आणि कोणीतरी पुढची वेळ छाटून फक्त तारीख ठेवतो. भारतातल्या कुठल्याही प्रोग्रामरला ‘१८.३०’ दाखवा, तो कपाळाला हात लावेल. अमेरिकेत हेच उलटं होतं: नुसती तारीख लिहिली की जावास्क्रिप्ट तिला यूटीसीची मध्यरात्र मानतं, आणि न्यू जर्सीत ती आदल्या संध्याकाळची दिसते. जन्मतारीख हा क्षण नाही हो. तिला घड्याळ नसतं. माणूस विमानात बसला म्हणून तिची तारीख बदलत नाही. ती तारीख म्हणूनच साठवा, अक्षरांत साठवा, काहीही करा, पण तिला मध्यरात्र चिकटवू नका. क्षण, ठरलेली भेट आणि नुसती तारीख हे वेगळे प्रकार आहेत, हे जावा या भाषेला २०१४ पासून कळतं. जावास्क्रिप्टमध्येही ‘टेम्पोरल’ नावानं तशी सोय आली आहे, फायरफॉक्समध्ये २०२५ पासून. आता सबब उरलेली नाही.

तिसरी तक्रार संकष्टीची. हसू नका.

संकष्टीचा उपास चंद्रोदयाला सुटतो आणि चंद्रोदय गावागणिक बदलतो. मुंबई आणि जबलपूर यांत रेखांशाचे सात अंश आहेत, दर अंशाला चार मिनिटं धरली तर जवळजवळ अर्धा तास होतो. तिथीची आठवण देणारी संकेतस्थळं आणि ॲप मला दर महिन्याला मुंबईचा चंद्र पाठवतात. चंद्र वर येऊन अर्धा तास झालेला असतो आणि फोन म्हणतो, थांबा. न्यू जर्सीतल्या माझ्या विद्यार्थिनीच्या आजीला तर तोच आकडा जसाच्या तसा जातो, भारतीय तारखेसकट. तिथे कधी कधी संकष्टीचा दिवसच वेगळा येतो, कारण चतुर्थी लागण्याचा क्षण जगभर एकच असला तरी त्या गावच्या चंद्रोदयाला ती आहे की नाही, हे त्या गावावर ठरतं. छापील मराठी दिनदर्शिका गावोगावचे चंद्रोदय ओळीनं छापतात. हे काम कागदाला जमलं आहे.

याच वाटेवर एक जुनी गोष्ट सांगते, कारण ती तुमच्यातल्या फार थोड्यांना माहीत असेल. १ सप्टेंबर १९४२ ते १५ ऑक्टोबर १९४५ या काळात, महायुद्धामुळे, भारताचं घड्याळ एक तास पुढे होतं. त्या काळात जन्मलेल्यांची पत्रिका मांडताना आपले ज्योतिषी आधी तास वजा करतात. न केला तर लग्नराशी बदलू शकते. पत्रिकेवर माझा फारसा विश्वास नाही. पण वेळ नोंदवताना कुठल्या नियमाखाली नोंदवली ते पाहायचं, ही शिस्त त्यांची आहे आणि ती मला आवडते. गंमत अशी की जगभरच्या टाइम झोनची जी यादी तुम्ही सगळे फुकट वापरता, तीत हा युद्धकाळचा तास नोंदलेला आहे. ती आर्थर डेव्हिड ओल्सन यांनी सुरू केली, पॉल एगर्ट सांभाळतात. २०११ मध्ये ज्योतिषाचं सॉफ्टवेअर विकणाऱ्या एका अमेरिकन कंपनीनं जुन्या वेळांच्या माहितीवरून त्या दोघांवर खटला भरला होता. पुढच्या वर्षी तो मागे घेतला गेला, आणि यादी तोवर आयकॅन या संस्थेच्या छत्राखाली गेली. इतक्या लोकांनी इतक्या कष्टानं जपलेली वस्तू हाताशी असताना तुम्ही ‘उणे चार’ लिहून ठेवता, याचा राग येतो. वापरायची तर यादी वेळेवर अद्ययावत तरी ठेवा. ती वर्षातून अनेकदा बदलते.

बाकीच्या मागण्या भराभर सांगते. टाइम झोनच्या यादीत गाव शोधता येऊ द्या. ‘चेन्नई, कोलकाता, मुंबई, नवी दिल्ली’ यांत जबलपूरकरानं आपलं गाव ओळखून घ्यायचं, हे आम्हाला जमतं, पण आमच्या सासूबाईंना जमलेलं नाही. पूर्ण तासांचीच यादी देणाऱ्यांनी कृपया अर्धा तास नावाची गोष्ट जगात आहे याची नोंद घ्यावी. दीड अब्जाच्या आसपास माणसं तिच्यावर जगतात, आणि नेपाळ तर पावणेसहा तासांवर आहे. इंटरनेटच्या पत्त्यावरून गाव ओळखल्याचा आव आणू नका: ऑफिसच्या व्हीपीएनमुळे भाच्याला घरबसल्या टेक्सासची वेळ दिसते. ओळखलंत तरी विचारा, आणि एकदा सांगितलं की प्रवासात परस्पर बदलू नका. ‘शनिवार रात्री १२.३०’ ही वेळ आपल्या बोलण्यात शनिवारची असते आणि तुमच्या कॅलेंडरात रविवारची. रेल्वेच्या मध्यरात्रीनंतरच्या गाडीसाठी एक दिवस उशिरा स्टेशनवर पोचलेली माणसं प्रत्येक घराण्यात आहेत. अशा वेळी वारही दोन्ही बाजूंचे छापा: ‘शनिवार उलटून रविवारी’.

आणि ‘अंतिम तारीख ३१ जुलै’ असं लिहून अर्ज नेमका कोणत्या क्षणी बंद होतो ते लपवणाऱ्यांना काय म्हणावं ते मला सुचत नाही. मेलबर्नच्या मुलीचा ३१ जुलै आमच्या आधी उगवतो आणि आधी संपतो.

तुमच्यातल्या चाचणी करणाऱ्यांना एक स्वतंत्र विनंती. तुम्ही पुण्यात किंवा बंगळूरला बसून पुण्याच्याच घड्याळावर तपासता आणि सगळं बरोबर दिसतं. एक दिवस संगणकाचं घड्याळ काठमांडूवर लावा. एक दिवस लॉर्ड हाउ बेटावर लावा, तिथे उन्हाळी वेळ अर्ध्याच तासाची असते. न्यूयॉर्कवर लावून ९ मार्च २०२५ च्या पहाटे अडीचची भेट ठरवून बघा: त्या दिवशी तिथे अडीच वाजलेच नाहीत, दोनचे एकदम तीन झाले. मग २ नोव्हेंबरच्या रात्री दीडची ठरवा. तो दीड दोनदा वाजला, तर तुमचा निरोप कोणत्या दीडला गेला ते पाहा. यातलं काही बिघडलं तर ग्राहकाच्या आधी तुम्हाला कळेल.

शेवटचं, तुमच्या मदतवाहिनीबद्दल. मी तक्रार केली की ‘ब्राउझर रिफ्रेश करून पाहा’ असं उत्तर येतं. मी केलं. न्यू जर्सीत तरी दहाच वाजले. फोन करावा म्हटलं तर मदतीच्या पानावर लिहिलं आहे: ‘आमची वेळ सकाळी ९ ते संध्याकाळी ६.’ कुठले ९, एवढं तिथे लिहा. मी फोन करीन.

कळावे,
आपली नम्र,
जबलपूरची एक गाणं शिकवणारी बाई